अंधारातला रिमोट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंनी "तुम्हीही बोला" म्हटले, तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले ते आणखी कित्येकींच्या घरी घडत असेल, असे वाटले म्हणून उभी राहिले आहे. विषय अगदी साधा आहे, टीव्हीच्या रिमोटचा.

आमचे घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत टीव्ही, तिथेच सासूबाईंची कॉट आणि खाली माझ्या मुलाचे अंथरूण. आषाढी एकादशीला पहाटे पंढरपुरात विठ्ठलाची शासकीय महापूजा होते, ती सह्याद्री वाहिनीवर दाखवतात. गुडघे धरल्यापासून सासूबाईंची वारी ती एवढीच. गेल्या वर्षी त्या पहाटे उठल्या. दिवा लावला तर नातवाची झोपमोड होईल, म्हणून अंधारातच रिमोट चाचपू लागल्या. आमच्याकडे रिमोट तीन: टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा आणि स्पीकरचा. भलतेच बटण दाबले गेले. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली, ती काही केल्या जाईना. शेवटी भिंतीवरचे बटण बंद करून त्या हात जोडून तशाच बसून राहिल्या. सकाळी मी विचारले, "आई, पूजा पाहिलीत का?" त्या म्हणाल्या, "मनातच पाहिली, सूनबाई."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण 'आमच्या आईंना रिमोट येतच नाही' असे मीच चारचौघींत हसून सांगत असे. जुन्या टीव्हीचा खटका त्या सहज फिरवीत. त्यांची समज कमी झाली नव्हती, बटणे वाढली होती.

मग तिन्हींचे काम एकट्याने करील, बटणे थोडी असतील आणि ती अंधारात उजळतील, असा रिमोट शोधायला निघाले. पहिला जवळच्याच दुकानात घेतला. त्याची बटणे रेडियमची निघाली. दिव्याखाली ठेवली की थोडा वेळ चमकत आणि पहाटेपर्यंत विझून जात. दुसरा आणला, तो उजळे खरा, पण उजेड बटणांच्या भोवती आणि वरची अक्षरे काळीच! शिवाय तो उजळण्यासाठी आधी कोणते तरी बटण दाबावे लागे, आणि अंधारात नेमके नको तेच दाबले जाई. अखेर पुण्याला तपकीर गल्लीत मनासारखा मिळाला. अक्षरेच उजळतात, आणि उजेडाचे बटण कडेला वेगळे आहे.

हा रिमोट 'शिकणारा' आहे. रिमोट डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो, आणि प्रत्येक बटणाची उघडझाप वेगळी असते. जुना व नवा रिमोट टेबलावर नाकासमोर नाक ठेवायचे आणि एकेक बटण दाबून नव्याला ती उघडझाप शिकवायची. यांना वेळ नव्हता, म्हणून मीच कागद वाचून शिकवले. त्यात एक युक्ती सापडली. लागतील तेवढीच बटणे शिकवावीत: चालू-बंद, आवाज आणि वाहिनी. 'सिग्नल नाही' आणणारे बटण मी शिकवलेच नाही. आता ते चुकून दाबले तरी काही होत नाही.

घेणाऱ्या बहिणींसाठी आणखी तीन गोष्टी सांगते. टीव्हीला लावायच्या काही कांड्यांचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांना असा साधा रिमोट उपयोगी नाही, हे आधी विचारून घ्यावे. सेल काढले तरी शिकवलेले लक्षात राहते ना, हेही दुकानातच पाहावे. आणि रिमोट बिघडला वाटले तर त्याचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बहुतेक मोबाइलवर ठिपका चमकलेला दिसतो. तो दिसला तर रिमोट ठीक आहे. न दिसला तर आधी सेल बदलावेत.

यंदाच्या एकादशीला पहाटे मला जाग आली. दारातून पाहिले तर सासूबाईंच्या हातात छोटासा उजेड होता. टीव्ही लागला, त्यांनी आवाज पार कमी केला. मुलगा कुशीवर वळून झोपून राहिला. मदतीला जावे असे क्षणभर वाटले, पण मी गेले नाही. त्यांना माझी गरज नव्हती, आणि त्यांना तेच हवे होते.

भगिनींनो, 'म्हाताऱ्या माणसांना येत नाही' असे म्हणण्याआधी, त्यांच्या हातात आपण काय दिले आहे तेवढे एकदा पाहू या. उद्या त्या कॉटवर आपणच बसणार आहोत.