सहलीचे ओझे आणि पायातला जोडा



दिवाळीची सुटी सरली, की अमरावती-अकोल्याकडच्या शाळांना सहलीचे वेध लागतात. कुणी चिखलदऱ्याहून गाविलगड पाहतो, कुणी अकोटाकडून नरनाळा चढतो. गुरुजी गाडीचा, शिध्याचा हिशेब नीट करतात. पोरांच्या पायांचा तेवढा राहून जातो.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे, असे केंद्राचे २०२० चे धोरण सांगते. तेच माप सहलीच्या पिशवीला लावा. ४० किलोच्या मुलाने ४ किलो उचलावे. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे २ किलो गेलेच! उरलेल्यात पांघरूण, कपडे, बॅटरी.

मग जोड्यांची दुसरी जोडी कशाला? तर दिवसभर चालून जोडा घामाने भिजतो, ओले कातडे घासून फोड येतात. मुक्कामी तो वाळत टाकला, की पोरे अनवाणी हिंडू लागतात; आणि मेळघाटाच्या मुलखात रात्री विंचू, मण्यारही हिंडत असतात. म्हणून दुसरी जोडी हवीच. पण हलकी आणि पुढून बंद. नवी खरेदी नको. कवायतीचे जुने कॅनव्हासचे बूट उत्तम!

चालायचा जोडाही जड नसावा. पायातले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी अधिक दमवते. नवा असेल तर आठवडाभर आधी वापरावा, आणि सकाळी झटकूनच पायात घालावा.

नाहीतर गाविलगडाची १८०३ ची लढाई तुम्ही कितीही रंगवून सांगा, लंगडत उतरलेल्या पोराच्या ध्यानात राहतो तो टाचेचा फोड!