धूसर फोटो आणि आम्ही



आम्ही गिरणीच्या फाटकावरचे वक्ते. कलेवर बोलण्याचा आमचा अधिकार काय! तरी फोटोतील धूसरपणा हा हातांच्या कामाचाही विषय आहे, म्हणून उभे राहिलो.

१८७४ साली पॅरिसमध्ये मोने आदी चित्रकारांनी आपले पहिले प्रदर्शन भरविले, ते नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत. पुढे वीसेक वर्षांत उलटेच झाले. रॉबेर दमाशी हा पेढीवाल्या घराण्यातील गृहस्थ फोटोलाच चित्राचे रूप देऊ लागला. रीत अशी : डिंक, रंगाची पूड आणि पोटॅशियम डायक्रोमेट कालवून कागदावर लेप द्यावयाचा, वर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवावयाचे. उजेड लागेल तेथे डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटतो. तो सुटत असता दमाशी कुंचला फिरवी. नको तो तपशील धुऊन जाई. (हे डायक्रोमेट कातडीला जखमा करते, बरे का!)

ही चित्रे आम्हांस आवडतात, हे कबूल करतो. पण काय धुवावयाचे, हे ठरविणारा कोण? १९०८ पासून ल्युईस हाईन अमेरिकेतील गिरण्यांत राबणाऱ्या पोरांचे फोटो घेत हिंडला. बालमजुरीविरुद्ध पुरावा म्हणून ते हवे होते. त्यांतही कित्येकदा मागच्या चात्यांच्या रांगा धूसर होत जातात. पोराचा चेहरा मात्र स्वच्छ दिसतो.