साथ, सरकार आणि कामगार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला, 'नैसर्गिक आपत्ती, रोगराई आणि समाज'. विषय मोठा, आणि माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढे जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून सगळ्या जगाची उठाठेव न करता मुख्यतः एकाच साथीबद्दल बोलतो. ती म्हणजे मुंबईचा १८९६ चा प्लेग.

साथ आली की किती माणसे मेली याचा हिशोब होतो. तो व्हायलाच हवा. पण कामगारांत वावरणाऱ्या माणसाच्या मनात दुसरा प्रश्न येतो, की जी उरली त्यांच्या मजुरीचे काय झाले? इंग्लंडात १३४८ साली काळा मृत्यू आला आणि लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी घेऊन गेला. शेतावर हात मिळेनात, मजुरी चढली. लगेच राजाने १३४९ साली हुकूम काढला आणि १३५१ साली पार्लमेंटने कायदा केला, की साथीपूर्वीच्या दरानेच मजुराने राबावे. मजूर महाग झाला, हाच गुन्हा ठरला.

आता मुंबईकडे या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा प्लेगच आहे असे ओळखले. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याची गुदामे. तिथे उंदरांचे राज्य, आणि शेजारी अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने माणसे. आधी उंदीर पडतात आणि मग माणसे, हे आपल्या आज्या-पणज्यांना अनुभवाने कळले होते. सरकार मात्र घाण आणि कोंदट हवा यांच्या मागे लागले. गटारे धुतली, भिंतींवर चुना मारला, कौले उतरवली, घरांवर 'यू. एच. एच.' म्हणजे राहण्यास अयोग्य अशी अक्षरे रंगवली. उंदरावरची पिसू रोग नेते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले. ते मान्य व्हायला आणखी कित्येक वर्षे गेली. गटारातला उंदीर तोवर एका चाळीतून दुसऱ्या चाळीत जातच होता.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. रोगी लपवल्याने साथ वाढली, हेही खरेच. पण उचलून नेलेला आपला माणूस परत येताना दिसत नाही आणि कोणी धड बोलत नाही, तेव्हा लोकांनी विश्वास ठेवावा तरी कशावर?

मग मुंबई रिकामी होऊ लागली. सव्वाआठ लाखांच्या शहरातून १८९७ च्या आरंभापर्यंत निम्मे लोक निघून गेले. कोकणातला बोटीने गेला, घाटावरचा आगगाडीने. आणि मंडळी, इथे एक नवल घडले. ज्या गिरण्यांत पगार महिन्याचा, तोही उशिरा मिळायचा, तिथे उरलेला कामगार म्हणाला, आज राबतो, आजच पैसे द्या. नाक्यानाक्यावर एका गिरणीचा जॉबर दुसऱ्या गिरणीपेक्षा चढी बोली लावू लागला. मालकांनी आपसांत ठरवून रोजचा पगार बंद पाडायचे प्रयत्न केले. पण साचे उभे राहिलेले कोणाला परवडतात? एकी मोडली ती मालकांची! साथ ओसरली, माणसे परतली आणि महिन्याचा पगारही परतला. संघटना नव्हती, म्हणून मिळालेले टिकले नाही.

संघटनेचा पाया ज्यांनी १८८४ साली घातला आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, ते नारायण मेघाजी लोखंडे याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. रोग्यांची सेवा करताना १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. १९२१ पर्यंत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने नेली.

सरकारने केले काय? युरोपातील बंदरे मुंबईचा माल अडवू लागली, तेव्हा फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमे. त्यांतले चौथे असे, की या कायद्याखाली सद्‌भावनेने काही करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. घरझडतीचा जाच पुण्यात कोणत्या थराला गेला आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी का झाडली गेली, ते आपण शाळेत शिकलो आहोत. १८९८ साली मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याला वसाहत आखली. पण पाडलेल्या खोल्यांतला मजूर त्या वसाहतीत गेला नाही. शेजारच्या गल्लीत दाटी वाढवून राहिला.

हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर निघाला. या वेळी आगगाड्याच बंद होत्या, म्हणून मजूर पायी निघाले. त्यांतले १६ जण ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. मजूर पुन्हा दुर्मिळ होणार, हे काही सरकारांच्या ध्यानात लगेच आले. गुजरातने १७ एप्रिललाच कारखान्यांना बारा तासांची पाळी चालवण्याची मुभा दिली आणि जादा कामाचा दुप्पट दर काढून घेतला. १३५१ चे इंग्लंड काही फार लांब नव्हते.

गुजरात मजदूर सभा ही कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि त्या काळातल्या जादा कामाची बाकी कायद्याच्या दराने, म्हणजे दुपटीने, चुकती करा असे सांगितले.