हिरड्याचा धनी कोण?



जैविक कच्च्या मालापासून औषधे, रसायने व इंधने निर्माण करणाऱ्या उद्योगांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायो-ई ३’ धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत जैव-अर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. या आकड्यात जुन्नर तालुक्यातील मढच्या परिसरातील आदिवासीचे स्थान कोणते, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना शेतीच्या जोडीला हिरड्याचा आधार असतो. बी टणक होण्यापूर्वी तोडून वाळविलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा. हिरड्यातील टॅनिन कातडे कमावण्यास उपयोगी पडते. त्रिफळा चूर्णातील तीन फळांपैकी हे एक. म्हणजे जैव-उत्पादन येथे नवे नाही. परंतु पोते विकले की तोडणाऱ्याचा संबंध संपतो. चूर्ण, अर्क आणि नफा अन्यत्र तयार होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठीही आदिवासींना आंदोलन करावे लागले.

कायदा काय सांगतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभातील वाटा मान्य केला. देशी कंपन्यांनाही तो चुकविता येणार नाही, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला सूट दिली. त्रिफळा ग्रंथात आहे, एवढ्यावरून झाडावर चढणाऱ्याचा हक्क पुसला जावा काय?

देशात प्रयोगशाळांची वाण नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, चेन्नईत केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. प्रश्न संशोधनाच्या दिशेचा आहे. राष्ट्रीय संशोधन धोरणाने तीन कामे हाती घ्यावीत. सारेच फळ कोवळे तोडले तर नवी रोपे कोठून येणार? म्हणून किती फळ झाडावर राखावे, याचा अभ्यास तोडणाऱ्यांच्या सहभागाने व्हावा. वाळवण, प्रतवारी आणि अर्क काढण्याची तंत्रे गावच्या सहकारी संस्थेला पेलतील अशी असावीत. आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा व्यापारी वापर ग्रामसभेची लेखी संमती व ठरलेला वाटा यांशिवाय होऊ नये.

या मागण्या दिल्लीत आपोआप उमटणार नाहीत. हिरड्याच्या पट्ट्यातील प्रत्येक ग्रामसभेत त्यांचा ठराव व्हावा, हे कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे.