लोट, लाव, ओढ
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या दिवसांत मोठमोठ्या विषयांवर बोलणारे वक्ते आपणांस पुष्कळ भेटतील. आम्हीं मात्र अगदीं लहानसा विषय घेतला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘ओत’, ‘लोट’, ‘धर’, ‘सोड’ हे शब्द अर्थासह कसे यावे, हा तो विषय होय. हा विषय खरोखरच लहान आहे काय, हें अंधेरीकडील एका आजीबाईंना विचारून पाहा.

ह्या आजीबाई एके सकाळीं दूध शेगडीवर ठेवून शेजारीं विरजण मागावयास निघाल्या. चार वर्षांचा नातू आंत होता. “बाळा, दार नुसतें लोटून घे,” असें सांगून त्या बाहेर पडल्या. नातवाला ‘दार’ ठाऊक होतें, ‘लोटणें’ ठाऊक नव्हतें. ‘दार क्लोज कर’ एवढेंच तो घरांत ऐकत आलेला. त्यानें आज्ञाधारकपणें दार धाडकन् लाविलें. कुलूप आपोआप बसणारें. किल्ली आंत, मूल आंत, दूध शेगडीवर! चावीवाला येईपर्यंत आजीबाई दाराला तोंड लावून “गॅसजवळ जाऊं नको” असें ओरडत उभ्या होत्या. भांडें करपून काळें झालें. देवकृपेनें त्याहून अधिक कांहीं झालें नाहीं. ही हकीकत आम्हांस सांगतांना त्या हंसल्या, पण पदरानें डोळेही पुसले. मुलानें अवज्ञा केली नव्हती. त्याला कळलें तेवढें त्यानें तंतोतंत केलें होतें.

नामाचें एक बरें असतें. आंबा दाखवावा, ‘आंबा’ म्हणावें. आंबा कोठें पळून जात नाहीं. क्रिया मात्र बोट दाखविण्यापूर्वींच संपून गेलेली असते. शिवाय, आई तांब्यांतून पेल्यांत पाणी ओतते तेव्हां त्यांतलें ‘ओतणें’ तें कोणतें? हात कलला तें, पाणी पडलें तें, कीं पेला भरला तें? चित्राच्या पुस्तकांत तर हात कायमचा कललेला आणि पाणी हवेंत अडकलेलें असतें. म्हणून चित्रांवरून क्रियापदें शिकविण्याच्या रीतीवर आमचा फारसा विश्वास नाहीं.

मग कसें करावें? टोमासेलो व क्रूगर ह्या अमेरिकन अभ्यासकांनीं १९९२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. क्रिया चालू असतांना ऐकलेल्या नांवापेक्षां, ती घडण्याच्या किंचित् आधीं ऐकलेलें नांव लहान मूल अधिक चांगलें उचलतें, असें त्यांना आढळून आलें. “आतां मी पीठ मळतें हं, बघ,” असें म्हणून मग परातींत हात घालणाऱ्या आज्या आमच्या लहानपणीं घरोघर होत्या. त्यांना निबंधाची गरज पडली नाहीं. शब्द आधीं यावा, मूल वाट पाहावें, आणि मग क्रिया यावी. शक्य तर ती त्याच्याच हातून व्हावी.

आपल्या भाषेनें ह्या कामीं मोठी सोय करून ठेविली आहे. बस, ऊठ, ये, जा, दे, घे, धर, सोड: आज्ञेचें रूप म्हणजे केवळ धातु, जिभेला जराही जड नाहीं. आणि तें बहुधा वाक्याच्या शेवटीं येतें, म्हणजे कानांत राहतें. अशी सोय असतांना आपण करितों काय? ‘कट कर’, ‘ओपन कर’, ‘वॉश कर’, ‘फोल्ड कर’. सारीं क्रियापदें एका ‘कर’च्या पोटांत गडप! काठी मोडते, दोरा तुटतो, कांच फुटते, सदरा फाटतो; ह्या चौघांसाठीं आतां एकच ‘ब्रेक झालें’. लुगडें नेसावें, सदरा घालावा, शाल पांघरावी, वेणी माळावी, फेटा बांधावा. आतां सगळें ‘वेअर कर’. इंग्रजीशीं आमचें भांडण नाहीं. मुलांनीं ती उत्तम शिकावी. पण इंग्रजीचें क्रियापद अर्धें आणि मराठीचें मुळींच नाहीं, अशी स्थिति ह्या उपनगरांतील कित्येक घरांत आम्हीं पाहिली आहे.

आपल्यांपैकीं कोणाच्या घरीं ईस्ट इंडियन बोली चालते, कोणाच्या घरीं कोंकणी. तेथलें क्रियापद पुस्तकी मराठीहून निराळें असेल तर असूं द्या. आधीं तेंच द्या.

बोरिवलीहून रेल्वेनें डहाणूच्या पुढें गेलें म्हणजे घोलवडजवळ बोर्डी गांव आहे. तेथें ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, हा त्यांचा विचार. पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलांना न्हाऊं घालणें, केंस विंचरणें, अंगण झाडणें हाही तेथें शिक्षणाचाच भाग होता. ‘विंचर’ हा शब्द जेथें फणीबरोबर येतो, तेथें त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं. मॉन्तेसोरीबाईंच्या पद्धतींतही वाचूं लागलेल्या मुलाला आज्ञेची चिठ्ठी देतात; तें ती वाचतें आणि तसें करून दाखवितें.

आम्ही स्वतः सेमिनरींत लॅटिन क्रियापदांचीं कोष्टकें सकाळसंध्याकाळ घोकलीं. रूपें तोंडपाठ झालीं, पण त्यांतलें एकही क्रियापद आम्हीं चालतांना किंवा धांवतांना पाहिलें नाहीं!

रुसणें, विसरणें, आठवणें हीं क्रियापदें हातानें दाखवितां येत नाहींत. त्यांस गोष्टच पाहिजे. चुकांविषयीं एवढेंच: आईजवळ वाढलेला मुलगा “मी जातें” म्हणूं लागला तर हंसूं नका. “हो, तूं जातोस, मी जातें,” असें म्हणून पुढें चला.

परवां त्या आजीबाईंकडे आम्ही गेलों होतों. दाराचा खेळ तेथें रोज चालतो: लोट, लाव, ओढ, ढकल, कडी घाल, कडी काढ; शब्द आजीचा आणि काम नातवाचें. आम्ही निघालों तेव्हां तो गृहस्थ दाराशीं उभा राहून गंभीरपणें म्हणाला, “फादर, दार लोटूं कीं लावूं?”