गळाला कुठली माशी लावू?

हेडफोन लावलेत ना? चला, आज जरा थंडीत जाऊ. काश्मीर, सोनमर्गच्या वर, विशनसर तलाव. उंची बारा हजार फुटांच्या आसपास. ग्रेट लेक्स ट्रेकला आपली पुण्या-मुंबईची मंडळी एवढी असतात की शेजारच्या तंबूतून मराठी ऐकू येतं!

या पाण्यात ब्राउन ट्राउट आहेत. ते मूळचे इथले नाहीत. इंग्रजांच्या काळात, १९०० च्या सुमारास, ते बाहेरून आणून काश्मीरमध्ये वाढवले. त्यांना पकडायला फ्लाय लागते, म्हणजे गळावर पिसं, लोकर, दोरा बांधून केलेली नकली माशी.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डबीत साठ माश्या होत्या. लाल, पिवळ्या, चमचम करणाऱ्या. दोन तास एकामागून एक बदलत बसलो. एकही मासा नाही. आमचे घोडेवाले चाचा हसून म्हणाले, "साहब, पहले पानी देखो."

मग बसलो काठावर. पाण्यावर डासासारख्या बारीक किड्यांच्या रिकाम्या साली तरंगत होत्या. मासे तेच खात होते आणि मी त्यांना लाल पिसं दाखवत होतो!

तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो.

एक, मासा वर कसा येतो. तोंड बाहेर काढून टिपत असेल तर पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय. नुसती पाठ किंवा शेपूट दिसली तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली खातोय. तिथे मिजचं प्यूपा, १८ नंबर. लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा, तितका गळ बारीक.

दोन, वारा. उन्हाळ्यात दुपारी कुरणातल्या मुंग्या, भुंगे उडून पाण्यात पडतात आणि वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाला जमतात. वारा तोंडावर लागला तरी त्याच काठावर उभं राहायचं. काळी मुंगी, १४ किंवा १६ नंबर.

तीन, काहीच हालचाल नसेल तर खोली. हिरवट पाणी जिथे एकदम गडद निळं होतं, तिथे फेझंट टेल निम्फ टाकायची, मनात दहा आकडे मोजायचे, मग हळूहळू ओढायची. सकाळ-संध्याकाळी काळी वूली बगर, १० नंबर.

बस्स. चार-पाच प्रकार पुरतात.

आता जे सांगायला मला आवडत नाही, ते. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या काळ्या मुंगीला मासा लागला. गळाचा उलटा काटा खोल रुतला होता. मी ओढाताण करत बसलो, वर फोटोही काढले. कोरड्या हातांनी. पाण्यात सोडला तर तो आडवाच झाला. खूप वेळ धरून ठेवला, पण नाही वाचला. चाचा काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

आता माझ्या प्रत्येक माशीचा उलटा काटा मी घरीच पक्कडीने दाबून टाकतो. हात आधी ओले करतो. मासा पाण्यातच ठेवून गळ काढतो. फोटो राहिला तर राहिला.

आणि हो, मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, मगच गळ टाका.

तुमच्या डबीत काय आहे, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!