सार्वजनिक वास्तू आणि खाजगी ऐश्वर्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



लंडनमध्ये व्हाइटहॉल या राजरस्त्यावर, ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवासस्थानापासून हाकेच्या अंतरावर, एक प्रचंड दगडी इमारत उभी आहे. ती १९०६ मध्ये सुमारे १२ लाख पौंड खर्चून पूर्ण झाली. ब्रिटिश साम्राज्याचे युद्ध खाते येथे होते. हॉल्डेन, किचनेर, लॉइड जॉर्ज, चर्चिल हे युद्धमंत्री या नात्याने येथे बसले. १९६४ मध्ये हे खाते संरक्षण मंत्रालयात विलीन झाले, तरी इमारत सरकारकडेच राहिली. २०१४ च्या अखेरीस मात्र ती २५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने हिंदुजा उद्योगसमूहाला व त्याच्या स्पॅनिश भागीदार कंपनीला देण्याचे ठरले. किंमत ३५ कोटी पौंडांहून अधिक होती. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे ‘रॅफल्स’ हे आलिशान हॉटेल सुरू झाले. त्यात १२० खोल्या आहेत. शिवाय धनिकांच्या कायम वास्तव्यासाठी ८५ सदनिका आहेत. मंत्र्याच्या जुन्या दालनात आता हॉल्डेन यांच्या नावाचा शाही कक्ष आहे.

या घटनेचे भारतात काही ठिकाणी मोठ्या अभिमानाने स्वागत झाले. ज्या इमारतीतून साम्राज्याच्या फौजा हलविल्या जात, ती इमारत एका भारतीय वंशाच्या घराण्याने घ्यावी, यात इतिहासाने उगवलेला सूड अनेकांना दिसला. ही भावना समजण्याजोगी आहे. परंतु ती फसवी आहे. या व्यवहारात मालकाचे राष्ट्रीयत्व बदलले, ही गोष्ट गौण होय. जे सार्वजनिक होते ते खाजगी झाले, ही मुख्य गोष्ट होय. समाजवादी कार्यकर्त्याने पाहावयाचे ते हे.

प्रथम ही वास्तू कोणाच्या श्रमावर उभी होती ते पाहू. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार पाठविली गेली; त्यांतील सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणींतील शिपाई होते. १९१६ च्या फेब्रुवारीत त्या मोहिमेची सूत्रे याच युद्ध खात्याने आपल्या हाती घेतली, तेव्हा कुत-एल-अमारा येथे वेढ्यात सापडलेले सैन्य उपासमारीच्या वाटेवर होते. एप्रिलअखेर त्याने शरणागती पत्करली. पुढे १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनच्या युद्धखर्चापैकी १० कोटी पौंडांचा भार उचलला आणि त्याला ‘देणगी’ असे नाव दिले. हे सरकार हिंदी जनतेने निवडलेले नव्हते. पैसा मात्र तिच्याच करांतून जावयाचा होता. व्हाइटहॉलची इमारत १२ लाखांत झाली हे ध्यानात घेतले, तर त्या एका ‘देणगी’त तशा ऐंशीहून अधिक इमारती उभ्या राहिल्या असत्या. तेव्हा या वास्तूवर कोणा हिंदी माणसाचा नैतिक हक्क असेल, तर तो सातारा-रत्नागिरीकडच्या त्या शेतकरी शिपायांचा आणि करदात्या रयतेचा आहे. त्यांची नातवंडे-पतवंडे तेथे एक रात्र राहण्याची कल्पनाही करू शकत नाहीत.

आता भाडेपट्ट्याकडे वळू. ‘इमारत विकलेली नाही, केवळ भाड्याने दिली आहे’ असा युक्तिवाद अशा व्यवहारांत नेहमी केला जातो. अडीचशे वर्षे म्हणजे किती? २०१४ पासून तेवढेच मागे गेले, तर पेशव्यांच्या गादीवर थोरले माधवराव दिसतात. अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबानेही हेच दिसते. वार्षिक ५ टक्के व्याजदर धरला, तर २५० वर्षांनी हाती येणाऱ्या १ कोटी पौंडांचे आजचे मूल्य सुमारे ५० पौंड भरते. म्हणजे इमारत पुढे परत मिळण्याच्या हक्काला आजच्या बाजारात जवळजवळ काहीच किंमत उरत नाही. कायद्याच्या भाषेत तो भाडेपट्टा असेल. अर्थशास्त्राच्या भाषेत ती विक्रीच होय.

याच्या विरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात व ते विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला असा की, युद्ध खात्याची इमारत सामान्य माणसाला खुली कधी होती? आता निदान पैसे देणारा कोणीही उपाहारगृहात जाऊ शकतो. हे खरे, परंतु सार्वजनिक मालकीचा अर्थ केवळ दार उघडे असणे एवढाच नव्हे. त्या दालनात बसणारा मंत्री संसदेला उत्तरदायी होता. युद्धमंत्री प्रोफ्यूमो यांनी संसदेत असत्य विधान केल्याचे उघड झाले, तेव्हा १९६३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. हॉटेलचा मालक केवळ आपल्या भांडवलाला उत्तरदायी असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या वास्तूंची देखभाल सरकारला परवडत नाही. खाजगी पैसा आला म्हणूनच येथील दगडकाम, संगमरवरी जिने आणि ओकची तक्तपोशी पुन्हा उजळली. दुरुस्तीचे काम चांगले झाले, यात संशय नाही. परंतु दुसरा मार्गच नव्हता, हे मात्र खरे नाही. तेथून पायी जाण्याइतक्या अंतरावर सॉमरसेट हाउस आहे. तेथेही सरकारी कार्यालये होती आणि त्याच्या भव्य चौकात कर खात्याच्या अधिकाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहत. १९९७ मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. इमारतीतील जागांचे भाडे देखभालीस उपयोगी पडू लागले, आणि तो चौक सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. तेव्हा प्रश्न पैशाइतकाच राजकीय इच्छेचा आहे.

ही इच्छा कोणत्या दिशेने वाहते, याचे उदाहरण थेम्स नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. काउंटी हॉल हे लंडनच्या लोकनियुक्त कारभाराचे केंद्र होते. १९८१ नंतर तेथे केन लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाचा कारभार असताना, लंडनमधील बेकारांचा आकडा इमारतीच्या माथ्यावर, समोरच्या पार्लमेंटला दिसेल असा झळकत असे. थॅचर सरकारने १९८६ मध्ये ती संस्थाच बरखास्त केली. पुढे इमारत एका जपानी कंपनीला विकली गेली. आज तेथे हॉटेले आणि मत्स्यालय आहे. म्हणजे आधी लोकांचे अधिकार गेले, मागाहून लोकांची इमारत गेली.

श्रमाचा हिशेबही पाहावा. रॅफल्स सुरू झाले तेव्हा तेथील खोलीचे दर एका रात्रीला सुमारे ११०० पौंडांपासून सुरू होत होते. त्या वर्षी ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन ताशी १० पौंड ४२ पेन्स होते. किमान वेतनावर राबणाऱ्या माणसाला अशा एका रात्रीसाठी सुमारे १०५ तास, म्हणजे अडीच आठवड्यांहून अधिक, घाम गाळावा लागेल. आणि तोही त्या काळात काही न खाता.

हा विषय लंडनपुरता नाही. २०१९ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातील काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली, तेव्हा मोठा क्षोभ उसळला. शिवछत्रपतींच्या इतिहासाशी निगडित असलेल्या संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. क्षोभ रास्त होता. परंतु चर्चा अस्मितेभोवती फिरली आणि अर्थकारणाचे प्रश्न मागे पडले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक मालमत्तेतून चार वर्षांत ६ लाख कोटी रुपये उभारण्याची योजना जाहीर केली. रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या यांच्याबरोबर त्यात सरकारी हॉटेलेही होती. येथेही शब्द तोच होता : विक्री नव्हे, भाडेपट्टा.

म्हणून असा प्रस्ताव आपल्या शहरात येईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी नगरपालिकेत, विधिमंडळात आणि सभांतून चार प्रश्न विचारावेत. पट्टा किती वर्षांचा, आणि हिशेबात परतीच्या हक्काला काही किंमत उरते काय? भाडे वाढत्या उत्पन्नाशी निगडित आहे, की एकदाच रक्कम घेऊन हात झटकले जाणार आहेत? वास्तूचा कोणता भाग सर्वांसाठी विनामूल्य खुला राहील? आणि तेथे राबणाऱ्यांचे वेतन व संघटनेचा हक्क करारात लिहिला आहे काय?

घेणारा मराठी आहे, गुजराती आहे, सिंधी आहे की इंग्रज, हा पाचवा प्रश्न पुष्कळांच्या ओठांवर आधी येईल. तो शेवटी विचारावा. किंवा विचारूच नये.